घाटात गाडी मिसिंग मारते, प्लग नवे आहेत. हेड उघडू की वायरी बघू?

वाशिष्ठीकाठ | ६ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, १९९८ची, कार्बोरेटरवाली. वडिलांनी नवीन घेतलेली, आता ते नाहीत, आणि ही गाडी मला विकायची नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे 'काढून टाका' हा सल्ला वाचवता येईल.

त्रास असा. चिपळुणात गावातल्या गावात गाडी ठीक चालते. आयडलिंगला किंचित थरथर आहे, पण ती किती वर्षांची आहे ते आता आठवतही नाही. आठवड्यातून एकदा आईला कराडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. पोफळी सुटून कुंभार्लीचा चढ लागला की तिसऱ्या गिअरला गाडी झटके मारायला लागते. रेस दाबली की पुढे जायच्या ऐवजी 'फड्-फड्-फड्' करून बसते. दुसऱ्या गिअरला कशीबशी चढते. मे महिन्यात हे अधूनमधून व्हायचं. पाऊस सुरू झाल्यापासून दर फेरीला होतंय, आणि परवा धुक्यात घाटमाथ्याच्या अलीकडे बंदच पडली. मागे ट्रक, शेजारी आई. पुन्हा तसं नको आहे.

आतापर्यंत केलेलं काम: तिन्ही प्लग नवीन, कार्बोरेटर उतरवून साफ, पेट्रोल फिल्टर आणि एअर फिल्टर नवीन. २८०० रुपये झाले, फरक शून्य. आता गॅरेजवाले म्हणतात की व्हॉल्व्ह गेलाय, हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडावं लागेल, बारा-चौदा हजार धरून चाला.

अजून एक. २२ जुलै २०२१च्या पुरात ही गाडी बॉनेटच्या वरपर्यंत पाण्यात होती. तेव्हा ऑइल, फिल्टर, सेल्फ, डायनॅमो, सीट सगळं केलं होतं.

हेड उघडू का?

नवा_लायसन्स | ६ जुलै, रात्री १०:०५

पेट्रोलमध्ये पाणी असू शकतं का? पावसात वाढतंय म्हणता म्हणून.

जुना_पाना | ६ जुलै, रात्री १०:५२

हेड उघडू नका. आधी चार प्रश्नांची उत्तरं द्या.

एक, कोरड्या दिवशी घाटात होतं तेवढंच पावसात होतं की जास्त? दोन, रेस एकदम दाबली की होतं की हळूहळू दाबली तरी होतं? तीन, गाडी उभी असताना सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर हवा एकसारखी येते की मधेच एक ठोका चुकतो? चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: कुठला सिलिंडर काम करत नाही?

चौथ्याचं उत्तर तुमच्या गॅरेजवाल्यांनी काढलेलं दिसत नाही. ते न काढता प्लग बदलला, कार्बोरेटर खोलला, आता हेडवर आले. मी कोल्हापुरात उद्यमनगरला चौतीस वर्षं हेच काम केलं. मिसिंगची गाडी आली की आधी आजारी सिलिंडर शोधायचा, मगच पाना हातात घ्यायचा. व्हॉल्व्ह जळला असेल तर तो पाऊस बघून जळत नाही. उन्हातही तेवढाच त्रास देतो आणि आयडलिंगलाही देतो. तुमचा त्रास ओल आणि लोड यांच्याबरोबर वाढतोय, म्हणजे संशय करंटवर जातो.

प्लग नवे आहेत म्हणालात. प्लगपर्यंत करंट नेणाऱ्या वायरी कधी बदलल्या होत्या?

वाशिष्ठीकाठ | ७ जुलै, सकाळी ७:१५

काका, वायरी कधीच नाही. निदान माझ्या आठवणीत तरी नाही. पुरानंतरही नाही.

पावसात नक्की जास्त. हळू रेस दिली तर थोडं कमी. सायलेन्सरला हात लावून बघितला: दोन-तीन ठोके सरळ येतात आणि मधे एक पोकळ जातो. प्रत्येक वेळी नाही.

@नवा_लायसन्स, टाकीतलं पेट्रोल तळातून काढून काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं होतं. खाली पाणी बसलेलं नाही.

सह्यकडा | ७ जुलै, दुपारी १:३०

मी पॉलिटेक्निकला विद्युत विषय शिकवतो, गाड्यांचा मेकॅनिक नाही. पण 'गावात चालते आणि घाटात का नाही' याचं उत्तर माझ्या विषयातलं आहे म्हणून लिहितो.

साध्या मोकळ्या हवेत १ मि.मी. अंतरावर ठिणगी पाडायला ढोबळमानाने ३००० व्होल्ट लागतात. सिलिंडरच्या आत हवा दाबलेली असते. जितका दाब जास्त, तितकी ठिणगी पाडणं अवघड. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद, आत हवा कमी जाते, दाब कमी, त्यामुळे कमी व्होल्टेजमध्ये भागतं. घाटात तुम्ही रेस दाबता, थ्रॉटल उघडतो, सिलिंडर पूर्ण भरतो, आणि त्याच प्लगला आता कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, १० हजारांच्या पुढे आरामात. एवढं व्होल्टेज तयार करणारी कॉइल ते द्यायला तयार असते. पण वीज नेहमी सोपी वाट धरते. वायरीचं रबर तडकलं असेल, त्यावर धूळ आणि ओल असेल, तर प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा वायरीतूनच बाहेर पडून इंजिनच्या लोखंडावर जाणं तिला सोपं पडतं. तेवढ्या वेळेला सिलिंडरमध्ये पेट्रोल येतं आणि न जळता निघून जातं.

म्हणून ही खोड आयडलिंगला लपून राहते आणि चढावर बाहेर येते. चिपळूण कोकणातलं, पावसात हवेला आर्द्रता भरपूर. त्यात पुराचा चिखल वायरीवर सुकलेला. सगळं जुळतंय.

तीन सिलिंडरच्या गाडीत एक गेला की एक तृतीयांश ताकद गेली. ८०० घाटात बसणारच.

मृदगंध | ७ जुलै, दुपारी ३:१०

सह्यकडा सर, हे वाचून दोन वर्षांपूर्वीचा माझा त्रास आठवला. माझी हॅचबॅक इंजेक्शनची, चार सिलिंडर, डिस्ट्रिब्युटर (करंट प्रत्येक प्लगला वाटून देणारा भाग) नाही, कॉइल पॅकवरून चार वायरी निघतात. वरंधा घाटात इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. मी तशीच चालवत राहिले. दिवा स्थिर पेटलेला असेल तर गाडी सावकाश गॅरेजला नेता येते. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तिथे जळतंय आणि आतली जाळी वितळू शकते, हे मला नंतर कळलं. तोवर माझा कन्व्हर्टर गेलेला होता. वायरींच्या किमतीच्या कितीतरी पट त्याला लागले. ज्यांच्या गाडीत असा दिवा आहे त्यांनी लुकलुकताना दिसला की बाजूला घेऊन थांबावं, खरंच.

स्कॅनरवर पी०३०२ हा बिघाडाचा कोड आला होता, म्हणजे दुसरा सिलिंडर. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० आला तर एकच सिलिंडर नाही, कुठलाही कधीही. वाशिष्ठीकाठ यांच्या गाडीला हे सुख नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी कोड वाचून घ्यावा.

जुना_पाना | ७ जुलै, रात्री ८:२०

ताई, बरोबर. आता ८००साठी सांगतो, कोड नाही पण कान आणि डोळे आहेत.

वाशिष्ठीकाठ, उद्या गाडी वीस मिनिटं चालवून या, घाटासारखा चढ मिळाला तर उत्तम. आल्या आल्या बंद करा. इंजिन निवू द्या. तापलेल्या अॅल्युमिनियम हेडमधून प्लग काढला तर आटे निघून येतात, ती घाई करू नका. मग तिन्ही प्लग काढा आणि १-२-३ ओळीत कागदावर ठेवा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर तो सिलिंडर छान जळतोय. कोरडा काळा काजळीचा थर म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा प्लग जास्त तापतोय. तेलाने चिकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. आणि पेट्रोलने ओला, वास येणारा म्हणजे त्या सिलिंडरला पेट्रोल मिळालं, ठिणगी मिळाली नाही.

ओला प्लग सापडला की तो पुसून दुसऱ्या भोकात बसवा आणि तिथला इथे. पुन्हा चालवा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. त्याच सिलिंडरला राहिला तर प्लग निर्दोष, आणि वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांच्याकडे बघायचं.

चालू इंजिनवर एकेक वायर काढून बघायची पद्धत मेकॅनिक लोक वापरतात, मीही वापरली आहे. तुम्ही करू नका. वायर हवेत मोकळी राहिली की कॉइलवर आणि इग्निशनच्या मॉड्युलवर ताण येतो आणि हाताला झटका बसतो तो वेगळा. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी तर चालू इंजिनच्या वायरीजवळ जाऊसुद्धा नये.

वाशिष्ठीकाठ | ९ जुलै, रात्री ११:०५

काका, केलं. एक आणि तीन नंबर तपकिरी, कोरडे. दोन नंबर ओला, बोटाला पेट्रोलचा वास. दोनचा प्लग एकला टाकला आणि परशुराम घाट चढून आलो. पुन्हा दोनच नंबर ओला. म्हणजे नवे प्लग चांगलेच होते.

मित्राकडून कॉम्प्रेशनचा गेज आणला. तिन्ही सिलिंडर १२च्या आसपास, एकमेकांत अर्ध्या किलोचाही फरक नाही. हेड उघडायला लावणारं यात काही आहे का?

जुना_पाना | ९ जुलै, रात्री ११:२०

काही नाही. व्हॉल्व्ह जळला असता तर दोन नंबरला काटा खाली राहिला असता. हेडचा विषय संपला. चौदा हजार वाचले, आईला चांगल्या हॉटेलात जेवायला घाला.

आता वायरी मोजा आणि अंधारात बघा.

सह्यकडा | १० जुलै, सकाळी ६:५०

मोजायचं कसं ते मी सांगतो. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. रेझिस्टन्सवर, २० के (किलोओहम) किंवा २०० के रेंज. वायर दोन्ही टोकांनी सुटी करा आणि दोन्ही टोकांच्या आतल्या पितळी भागाला प्रोब लावा. या गाड्यांत तांब्याची तार नसते. आत कार्बन भरलेला धागा असतो, म्हणून मुद्दाम रेझिस्टन्स असतो. सुझुकीच्या वायरींना मीटरला १० ते २२ किलोओहम असं प्रमाण आहे. म्हणजे ४० सें.मी.च्या वायरीला साधारण ४ ते ९ यावेत. लांब वायरीला जास्त येणार, आखूडला कमी, त्यामुळे तीन वेगळे आकडे आले म्हणून घाबरू नका.

प्रोब धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने वायर हळूहळू वाकवा, विशेषतः बुटाजवळ, म्हणजे टोकाच्या रबरी टोपणाजवळ. आकडा उड्या मारायला लागला किंवा मीटर 'एक' दाखवून गप्प बसला, तर आतला धागा तुटला आहे. सरळ ठेवल्यावर आकडा ठीक येतो आणि वाकवल्यावर जातो, हेच बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. गाडीत वायर वाकलेलीच असते.

पण रेझिस्टन्स ठीक आला म्हणजे वायर ठीक, असं म्हणू नका. मीटर फक्त आतला धागा तपासतो. बाहेरच्या रबराची गळती तो दाखवत नाही, कारण मीटरच्या आत ९ व्होल्टची बॅटरी आणि गाडीत हजारो व्होल्ट. त्यासाठी अंधारच लागतो.

वाशिष्ठीकाठ | ११ जुलै, रात्री १०:१५

आकडे:

एक नंबर (सगळ्यात लांब) ८.१ के.
तीन नंबर (सगळ्यात आखूड) ४.६ के.
दोन नंबर सरळ धरून ३१ के. प्लगच्या बुटाशी वाकवली की मीटर 'एक'.
कॉइलकडून येणारी मधली वायर ५.२ के, पण कॅपच्या टोकाला पितळ हिरवं पडलंय, खरवडलं तर हिरवी पूड पडते. तो पुराचाच उरलेला भाग असणार.

मग काकांनी सांगितल्याप्रमाणे रात्री अंगणातले दिवे बंद केले, गाडी मागच्या पडवीत घेतली, बॉनेट उघडलं. आधी काही दिसलं नाही. आईने इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली दिली. हात लांब ठेवून वायरींच्या वर अगदी बारीक धुकं मारलं. दोन नंबरची वायर क्लिपमधून निसटून एका लोखंडी पट्टीवर टेकलेली होती. तिथे निळी वीज नाचायला लागली, टक-टक-टक, आणि इंजिन लगेच घाटात करतं तसं फडफडायला लागलं. कुंभार्लीचा आवाज माझ्या अंगणात. आईसुद्धा म्हणाली, 'अरे, हेच ते.'

पाच दिवस नुसत्या अंदाजावर चाललेली गोष्ट डोळ्यांनी बघितली. काका, सर, तुमचे किती आभार मानू.

नवा_लायसन्स | ११ जुलै, रात्री १०:३०

वा! पण एक विचारतो. पहिल्याच दिवशी वायरींचा सेट बदलला असता तर एवढं करावंच लागलं नसतं ना?

जुना_पाना | ११ जुलै, रात्री ११:१०

लागलं नसतं, या वेळी. आणि दोष व्हॉल्व्हचा निघाला असता तर नवीन वायरी लावून तुम्ही पुन्हा तिथेच उभे. यांनी प्लग तसेच बदलले होते, कार्बोरेटर तसाच खोलला होता. त्याच वाटेवरचा तिसरा अंदाज बरोबर आला म्हणून ती वाट बरोबर होत नाही.

पांढरे_डोंगर | १२ जुलै, पहाटे ४:४५

मिशिगनहून लिहितोय. २००५ची मिनीव्हॅन, ३.३ लिटर व्ही-६, वायरीवालीच. पी०३०३. हिवाळ्यात इथे रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते सगळीकडे उडतं, तुमच्या कोकणच्या खाऱ्या हवेसारखंच. आडव्या बसवलेल्या इंजिनमध्ये पुढचे तीन प्लग समोर हाताशी आणि मागचे तीन इंजिन आणि केबिनच्या भिंतीमधल्या फटीत. तीन नंबर नेमका मागचा. गाडी स्टँडवर घेऊन खालून हात घालून चार तास लागले. एक वायर जाईना म्हणून सोडून देण्याचा मोह झाला होता. सहाच्या सहा बदलल्या, कारण तिथे परत हात घालायची इच्छा नव्हती. एकाच वयाच्या वायरी आहेत, एक गेली की बाकीच्या मागोमाग येतात.

बूट प्लगला चिकटून बसतात. सरळ ओढलं तर वायर हातात आणि बूट आत. आधी बूट दोन्ही बाजूंना फिरवून सैल करा, मग बूट धरूनच ओढा. वायर धरून कधीच नाही.

काळापिवळा | १२ जुलै, सकाळी ९:००

माझे वडील दादरला टॅक्सी चालवायचे, प्रीमियर पद्मिनी. कार्बनच्या वायरी नकोच, तांब्याच्या टाका. आयुष्यभर जात नाहीत आणि करंट कडक येतो. वडिलांच्या गाडीत त्याच होत्या, कधी मिसिंग नाही.

सह्यकडा | १२ जुलै, दुपारी १२:४०

काळापिवळा, पद्मिनीच्या काळात ते चाललं आणि वडिलांचा अनुभव खरा आहे. ८००लाही तांब्याची वायर लावली तर गाडी चालू होईल. पण ठिणगीच्या वेळी वायरीतून जो विजेचा गोंधळ उठतो तो दाबायलाच कार्बनचा धागा असतो. तांब्याच्या वायरीने रेडिओत खरखर येते, आणि ज्या गाडीत इग्निशन इलेक्ट्रॉनिक आहे किंवा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आहे तिथे त्या गोंधळाने सेन्सर आणि मॉड्युल बावचळतात. पद्मिनीत बावचळायला काही नव्हतं. आणि 'कडक करंट' हा समजच आहे. ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागेल ते प्लगची फट आणि सिलिंडरचा दाब ठरवतात. ५ के कमी केल्याने ते वाढत नाही.

काळापिवळा | १२ जुलै, दुपारी १:१५

रेडिओचं पटलं. वडील गाडीत रेडिओ लावायचे तेव्हा इंजिनच्या रेसबरोबर आतून कुई-कुई आवाज यायचा. आम्ही समजायचो रेडिओच तसा आहे.

जुना_पाना | १२ जुलै, दुपारी २:००

आणि कार्बनची वायर गळायला लागली की तसाच आवाज येतो. जुन्या गाडीत मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवून रेस दिली, आणि रेसबरोबर टक-टक वाढली, तर कुठेतरी वीज बाहेर उडतेय. आमच्या गॅरेजात एक ट्रान्झिस्टर त्यासाठीच टांगलेला होता. लोकांना वाटायचं आम्ही गाणी ऐकतो.

वाशिष्ठीकाठ | १४ जुलै, रात्री ९:३०

सामान आणलं: चार वायरींचा सेट (तीन प्लगच्या, एक कॉइलची), डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर (कॅपच्या आत फिरणारा भाग). कॅप नवीन घ्यायची नव्हती, पण उघडून बघितली तर आत दोन पितळी खुंट्यांच्या मधे बारीक काळी रेघ होती, झाडाच्या मुळासारखी फाटे फुटलेली. दुकानदारानेच सांगितलं की ती कार्बनची वाट आहे, पुसून जात नाही आणि नवीन वायरीलाही ती खाईल.

आज सकाळी बसवलं. गाडी थंड. बॅटरीची निगेटिव्ह काढली. इतकं सगळं व्यवस्थित करून शेवटी चूक केलीच: कॅप बदलायची म्हणून तिन्ही वायरी एकदम काढल्या, आणि नवीन लावताना कॅपवर क्रमाने १, २, ३ लावत गेलो. सेल्फ मारला तर कार्बोरेटरमधून फाड्कन आवाज आणि एअर फिल्टरच्या नळीतून धूर. ताबडतोब बंद केलं. काही बिघडलं असेल का?

जुना_पाना | १४ जुलै, रात्री ९:४५

एका फटाक्याने काही होत नाही. एअर फिल्टरचा कागद जळला नाही ना ते बघा, बस.

८००चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी मिळण्याचा क्रम, १-३-२. कॅपवर एक नंबरच्या खुंटीपासून सुरू करा, रोटर ज्या दिशेला फिरतो त्या दिशेने पुढची खुंटी तीन नंबर सिलिंडरची, त्याच्या पुढची दोनची. तुम्ही दोन आणि तीन उलटे लावले, म्हणून चुकीच्या सिलिंडरला ठिणगी पडली, व्हॉल्व्ह उघडा असताना, आणि जाळ मागे कार्बोरेटरला आला. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांना १-३-४-२ असतो, तिथेही हीच गफलत होते. रोटर कुठे फिरतो कळत नसेल तर कॅप काढून कुणाला तरी सेल्फचा एक टिचका द्यायला सांगा, पण आधी कॉइलची मधली वायर काढून इंजिनला टेकवून ठेवा, म्हणजे गाडी सुरू होणार नाही.

पुढच्या वेळी जुनी कॅप शेजारी धरा आणि एकेक वायर तिकडून काढून इकडे, लांबी जुळवून. किंवा प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नंबर लिहा. आणि वायरी क्लिपमध्येच बसवा. दोन वायरी एकमेकींना चिकटून लांबवर शेजारी चालू देऊ नका, एकीचा करंट दुसरीत उतरतो.

वाशिष्ठीकाठ | १४ जुलै, रात्री ११:५०

दोन आणि तीन अदलाबदल केले. अर्ध्या सेल्फला सुरू. आणि आयडलिंग... मी पाच मिनिटं तिच्याशेजारी नुसता उभा होतो. ती जी थरथर मी या गाडीचा स्वभाव समजत होतो ती नाहीच. वडील असताना अशी चालायची. आई ओट्यावरून विचारते, 'सुरू आहे का बंद?'

बुटांच्या आत सिलिकॉनचं ग्रीस बोटाच्या टोकाएवढं लावलं. वायर 'खट' आवाज येईपर्यंत दाबली. तिन्ही प्लगची फट फीलर गेजने ०.८ मि.मी. ठेवली. प्लग आधी हातानेच शेवटपर्यंत फिरवले आणि मग पान्याने जरासे आवळले. ते वापरलेले होते, वॉशर आधीच दबलेला, त्यामुळे अगदी थोडा फिरवला.

मृदगंध | १५ जुलै, सकाळी ८:२०

ही थरथरीची गोष्ट वाचून बरं वाटलं. नवीन प्लग घालणाऱ्यांसाठी: नवीन वॉशरचा १४ मि.मी. प्लग हाताने बसल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वापरलेल्याला फक्त बाराव्या हिश्श्याएवढा. त्याहून जास्त आवळून मी एकदा हेडचे आटे खराब होताना बघितले आहेत.

नवा_लायसन्स | १५ जुलै, सकाळी १०:००

घाटाचं काय झालं ते लिहा हो. सगळे थांबलेत.

वाशिष्ठीकाठ | १८ जुलै, रात्री ८:१०

काल आईला घेऊन कराडला जाऊन आलो. पोफळीपासून वर मुसळधार, पुढे काही दिसेना. तिसऱ्या गिअरला चढली. ज्या वळणावर बंद पडली होती तिथे मी मुद्दाम थोडी जास्त रेस दिली. ओढली. हेळवाकला चहाला थांबलो, आई म्हणाली, 'आज तू स्टीअरिंग घट्ट धरलं नव्हतंस.'

पेट्रोलचा हिशेब: याआधी लिटरला १३ मिळत होते. या फेरीला १६च्या थोडं वर. दोन नंबर सिलिंडर न जळता किती पेट्रोल फेकत होता ते यातून दिसतं.

एकच शंका राहिली. जुन्या एक आणि तीन नंबरच्या वायरी मोजून चांगल्या आहेत. टाकून देऊ का?

जुना_पाना | १८ जुलै, रात्री ९:००

एक नंबरची ठेवा, ती सगळ्यात लांब आहे, कुठल्याही सिलिंडरला पोचते. कोरड्या कापडाने पुसा, गुंडाळी मोठी करा, कडक वाकवू नका, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून डिकीत. प्लगचा पाना आणि एक जुना प्लग तिच्याबरोबर. तीन नंबरची आखूड आहे, ती टाका.